बैठकीत जागा नसली तरी काम आपलंच आहे

ताई,
मी वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातली. वय २२. बी.कॉम. झालं, सावंतवाडीला एका दुकानात हिशेबाचं काम करते, रोज एसटीने ये-जा. या पावसाळ्यात फादरनी मला चर्चच्या युवा गटाची प्रमुख केलं. कागदावर तीसेक नावं आहेत, प्रत्यक्षात आम्ही सात-आठजण. बाकीचे मुंबईला, गोव्याला, काही बोटीवर. चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मी एक सूचना मांडायला उठले तर एक काका म्हणाले, ‘‘तुम्ही पोरां, तुम्ही खुर्चे लावा. मिटिंगीत बोलूचा काम आमचा.’’ सगळे हसले. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) पताका, नाताळचा गोठा आणि खुर्च्या, एवढंच आमचं काम. तसं बघितलं तर काकांचंही बरोबर असेल. बायबल मला फारसं माहीत नाही. चार माणसांसमोर घसा कोरडा पडतो. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बसलेली असते तेव्हा कधीकधी मनात काहीच नसतं. दुकानातले सगळे हिंदू आहेत, चांगले आहेत, पण हल्लीच्या वातावरणामुळे गळ्यातला क्रूस मी ड्रेसच्या आत ठेवते. अशा मुलीने कुणाचं नेतृत्व करायचं? पद सोडून देऊ का? नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत पहिलं वाचन मी करावं असं फादर म्हणतात. त्यालाही नाही म्हणून टाकू का?
तुमची वाचक, वेंगुर्ले तालुका

बाय,

पद सोडू नकोस, आणि वाचनाला हो म्हण. कारणं पुढे सांगते. तुझ्या पत्रात पाच-सहा प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. त्यातला सगळ्यात जड प्रश्न तू एका ओळीत उरकून टाकलास, म्हणून आधी तोच घेते.

मिस्सेत मनात काहीच नसतं, असं लिहून पुढच्याच वाक्यात तू दुकानावर गेलीस. लाज वाटली असणार. वाटू देऊ नकोस. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेच्या, नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे घेऊन येतो. विश्वासाचा विषय निघतो तेव्हा तो कळवळून म्हणतो की माझा विश्वास आहे, पण जिथे तो कमी पडतो तिथे तूच मला सांभाळ. येशूने त्याला आधी पुरेसा विश्वास घेऊन ये असं सांगून परत पाठवलं नाही. मुलगा बरा केला. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा साऱ्या जगाला कळलं की वर्षानुवर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्यासारखं वाटतच नव्हतं. तरी पहाटेची प्रार्थना चुकली नाही आणि त्यानंतर रस्त्यावर उतरणंही चुकलं नाही. मन भरून येणं आपल्या हातात नसतं. वेळेवर जाऊन बसणं असतं. ते तू करते आहेस.

बायबल येत नाही म्हणतेस, त्यावर उपाय तुझ्या रोजच्या एसटीत आहे. मार्कचं शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं. जाताना एक अध्याय वाच. मराठीत वाच, नाहीतर कोंकणीत. ज्या भाषेत तू आईशी भांडतेस त्या भाषेत वाच. कळलं नाही ते पेन्सिलीने खुणावून ठेव आणि रविवारी फादरना किंवा सिस्टरना विचार. पूर्ण झालं की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर एवढंच केलंस तरी कौन्सिलमधल्या निम्म्या लोकांपेक्षा तुला येशू जास्त ओळखीचा झालेला असेल, आणि हे मी कुणाला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. आपल्याकडे मिस्सा चुकवत नाहीत, नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना चुकवत नाहीत, पण घरात शुभवर्तमान उघडून वाचणारे थोडे.

आता खुर्च्या.

मार्कच्याच दहाव्या अध्यायात जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, येशूकडे जागा मागतात. एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे. बाकीचे दहाजण चिडतात, कारण त्यांनाही त्याच जागा हव्या असतात. येशू त्यांना जवळ बोलावून सांगतो की तुमच्यात ज्याला पहिला व्हायचं आहे त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं. हे वचन तू आजवर अनेक प्रवचनांत ऐकलं असशील. माझं म्हणणं एवढंच की ते मोठेपणाच्या मागे लागलेल्या पुरुषांना सांगितलेलं आहे. एखाद्या मुलीने बैठकीत तोंड उघडलं म्हणून तिला गप्प बसवायला ते वापरायचं नसतं. त्या दिवशी जे हसले त्यांचं वागणं मला आवडलेलं नाही, आणि हे मी या सदरात स्पष्ट लिहिते आहे, कारण त्यांच्यापैकीही कुणीतरी हे वाचत असेल.

पण मग आपण काय करायचं हा प्रश्न उरतोच, म्हणून पॅरिसमधली एक गोष्ट सांगते.

फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा एक विद्यार्थी तिथे शिकत होता. १८३२ मध्ये कॉलऱ्याने शहरात हाहाकार उडवलेला. ओझानाम आणि त्याचे मित्र विद्यार्थ्यांच्या वादसभेत ख्रिस्ती धर्माने जगाला काय काय दिलं यावर तावातावाने बोलत. एकदा समोरच्या एका विद्यार्थ्याने विचारलं की जुनं सगळं मान्य, पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. मुलं गप्प झाली. त्यांनी त्यावर पुढचं भाषण तयार केलं नाही. २३ एप्रिल १८३३ ला, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि त्यांच्याहून वयाने बराच मोठा एक संपादक असे सातजण एकत्र बसले आणि गरीब घरांना प्रत्यक्ष भेटी द्यायचं ठरवलं. भेटी कशा द्यायच्या हे त्यांना कुठे माहीत होतं? त्यांनी सिस्टर रोझाली रेंदू या जोगिणीला गाठलं. त्या पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करत होत्या. कुठल्या घरी जायचं, तिथे काय न्यायचं, कसं बोलायचं हे त्यांनी या मुलांना शिकवलं. त्यातून उभी राहिली ती सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. आपल्याकडे जिला सगळे ‘एसव्हीपी’ म्हणतात आणि जिची पेटी कितीतरी चर्चमध्ये दाराशी ठेवलेली असते, ती हीच. आज तिचे सदस्य बहुतेक पन्नाशी-साठीचे दिसतात, म्हणून ती विशीतल्या पोरांनी सुरू केली हे सांगितलं तर तुझ्या गटाला खरंही वाटणार नाही. सांग त्यांना.

मला या गोष्टीत दोन माणसं महत्त्वाची वाटतात. एक तो टोचणारा प्रश्न विचारणारा विद्यार्थी, आणि दुसऱ्या सिस्टर रोझाली. तुला टोचणारे काका भेटलेले आहेत. आता एक रोझाली शोध. तुमच्या चर्चमध्ये अशी एखादी बाई नक्की असेल, जिला कुठल्या वाड्यात कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा पैसे पाठवत नाही, कोण दोन रविवार मिस्सेला दिसलं नाही, हे सगळं ठाऊक असतं. ती कौन्सिलवर नसेलही. तिच्याकडे जाऊन विचार, ‘‘माय, खंयच्या घरान जाव?’’

कारण आपल्या किनाऱ्यावर आज सगळ्यात मोठं दारिद्र्य माणसांचं आहे. तूच लिहिलंस की तीसातले सात-आठ गावात. म्हणजे बाकी घरांत कोण उरलं? चिऱ्याचं मोठं घर, पुढे सारवलेलं खळं, आत आल्तारावर, म्हणजे घरच्या वेदीवर, पिवळा बल्ब, आणि सत्तरी ओलांडलेली एक बाई. मुलगा आखातात, मुलगी वसईला दिलेली, नवरा तीन पावसाळ्यांपूर्वी गेला. गुडघ्यांमुळे तिला चर्चची चढण चढवत नाही. तिच्या घरी जाशील तेव्हा उभ्याउभ्या विचारपूस करून निघू नकोस, बस. चहा देईल तो घे. गोळ्यांची पाकिटं बघायला माग, सकाळची आणि रात्रीची हमखास एकाच डब्यात मिसळलेली असतात. दोन वेगळे डबे कर, एकावर सूर्य काढ, एकावर चंद्र, म्हणजे चष्मा नसला तरी कळेल. फोनचं रिचार्ज संपलेलं असेल तर भरून दे आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावून दे. तो बोलत असताना तू खळ्यात जाऊन उभी राहा, त्यांचं त्यांना बोलू दे. निघताना विचार की एक ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणूया का. बहुतेक वेळा तीच तुझ्या आधी सुरू करील.

हे आठवड्याला दोन घरं, दोघादोघांनी मिळून. एकट्याने कुणी जायचं नाही, मुलीने तर नाहीच, आणि हा नियम पहिल्या दिवसापासून लेखी ठेव. कुणी पैसे सांभाळायला दिले, बँकेत जाऊन काढून आण म्हणाले, तर घरच्यांना आणि फादरना सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. चांगल्या कामाला बट्टा लागतो तो अशाच ठिकाणी.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, द्यायला जातात. ती यादी कोण ठेवतं? पुष्कळ ठिकाणी ती फादरच्या डोक्यात असते, आणि फादरची बदली झाली की यादीही जाते. तुमच्या भेटींतून ती यादी कागदावर तयार होईल: घर, वाडी, नातेवाइकाचा फोन, आजाराचं थोडक्यात टिपण. तीन महिन्यांनी ती फादरच्या हातात दे. त्यानंतर कौन्सिलच्या बैठकीत आजाऱ्यांचा विषय निघाला की लोक आपोआप तुझ्याकडे बघतील, कारण माहिती तुझ्याकडे असेल.

आणि त्या बैठकीत बोलायचंच आहेस. गप्प राहून फक्त सेवा कर, असं मी सांगत नाही. फक्त मोकळी सूचना घेऊन जाऊ नकोस. ‘तरुणांसाठी काहीतरी करायला हवं’ असं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि पुढे काही होत नाही. एक पान लिहून ने: काय करणार, कुठल्या तारखेला, किती खर्च, कोण जबाबदार, कुणाची परवानगी लागेल. बैठकीच्या आधी फादरना दाखव आणि विषयपत्रिकेत घालून घे. गोठ्याच्या वर्गणीचा हिशेब पावत्यांसकट सूचनाफलकावर लाव, उरलेले रुपये चर्चच्या खात्यात भर. हिशेबाचं काम तुझं पोटापाण्याचं आहे, त्यात तुझा हात कुणी धरणार नाही. तरुणांच्या हाती पैसे दिले की उधळतात, ही तक्रार आपल्या गावात किती जुनी आहे तुला माहीत आहे. ती एका फलकाने अर्धी मरते.

खुर्च्या मात्र लावत राहा. आणि एकदा त्या काकांनाही हात लावायला बोलाव. टोमण्याने नको, खरोखर बोलाव. वयाने मोठी माणसं कधीकधी आपली जागा जाईल या भीतीने बोलतात, त्यांना सोबत काम करताना ती भीती उरत नाही.

आता त्या भीतीबद्दल, जी तू ड्रेसच्या आत ठेवतेस. क्रूस दिसला पाहिजे असा काही नियम नाही, आणि बाहेर काढलास म्हणजे विश्वास वाढला असंही नाही. पण तो तू का आत ठेवतेस हे एकदा स्वतःशी नीट बघ. दुकानातल्या कुणी काही बोललं आहे का? की फोनवर फिरणाऱ्या गोष्टी वाचून ही धास्ती बसली आहे? दुसरं असेल तर समोरच्या खऱ्या माणसांवर अन्याय होतो. तूच लिहिलंस की ती चांगली आहेत. संविधानाच्या २५व्या कलमाने आपल्या प्रत्येकाला आपला धर्म मानायचं, आचरायचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, ते तुझंही आहे. कुणी खरोखर धमकावलं, चर्चच्या कार्यक्रमात येऊन गोंधळ घातला, तर गटातल्या मुलांनी हुज्जत घालायची नाही, व्हिडिओ टाकायचा नाही. फादर, कौन्सिल आणि पोलीस, या क्रमाने जायचं. तिथे मोठ्यांनी पुढे उभं राहायचं असतं.

बाकी रोजच्या जगण्यात तुझा विश्वास तुझ्या शेजाऱ्यांना कळतो तो कशाने? काट्यावर माप बरोबर आहे, हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे नाही, बरोबरच्या मुलीवर चूक ढकलली जात असताना तू खरं सांगितलंस, याने. कुणी विचारलं की तुम्ही लोक शुक्रवारी मासे का खाता आणि मटण का नाही, तर हसून सांग. येशू कोण असं कुणी मनापासून विचारलं तर तेही सांग, जेवढं तुला माहीत आहे तेवढंच. पण मैत्री करताना मनात दुसरा हेतू ठेवायचा नाही. प्रीती ही कशाचीतरी सुरुवात म्हणून करायची नसते. दुकानातल्या त्या बरोबरच्या मुलीच्या घरी गणपती बसतो तेव्हा तू जातेस ना? जात राहा. तिचे आईवडील मे महिन्यात आपल्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लादीनीला, म्हणजे गाऊन म्हणायच्या सामुदायिक प्रार्थनेला, मेणबत्ती घेऊन येतात, तेही असंच येतात.

वसईचं उदाहरण तुझ्या गटाला जरूर सांग. तिथला हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ लागला आणि त्याविरुद्ध बोलायलाही लोक घाबरू लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे उभे राहिले. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती होते, हिंदू होते, शेतकरी होते, बाया होत्या. पाणी, झाडं आणि निर्भयपणे जगण्याचा हक्क हा त्यांच्या लेखी धर्माचाच विषय होता. याच फादरना पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. २०२४ मध्ये ते गेले. आपल्या किनाऱ्यावर वाळू आहे, कांदळवन आहे, समुद्रात येऊन पडणारं प्लास्टिक आहे, मच्छीमारांचे प्रश्न आहेत. तुमचा गट सगळ्या गावाबरोबर यात उतरू शकतो. चर्चचा बॅनर न लावता उतरलात तरी चालेल.

वसईचाच आणखी एकजण. संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मला, तरुणपणी जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, त्यांच्यात सामील व्हायची त्याची इच्छा पुरी झाली नाही. व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. धर्मगुरू तो कधीच नव्हता. जपानी भाषा उत्तम येत होती म्हणून संघाने त्याला दुभाषी म्हणून पुन्हा जपानला नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रूसावर मारलं गेलं त्यात तो होता. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला समजावून सांगणं, एवढंच काम घेऊन तो तिथे उभा होता.

आता थोडं कौन्सिलमधल्या वडीलधाऱ्यांशी बोलते, बाय, तू बाजूला बस.

दादा, काका, बाईंनो, पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाकडे होते. योहानाने आपल्या शुभवर्तमानात त्याचं नावही दिलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या गर्दीत ‘इथे एक मुलगा आहे’ असं कुणी म्हटलं? आंद्रेयाने, म्हणजे एका मोठ्या माणसाने. त्यालाही खात्री नव्हती, एवढ्या लोकांना हे काय पुरणार असं तो लगेच म्हणाला. तरी त्याने मुलाला येशूपुढे आणलं. २०१९ मध्ये पनामाच्या जागतिक युवा दिनाला पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना सांगितलं की तुम्ही उद्या नाही, तुम्ही देवाचं आज आहात. आपण मात्र त्यांना अजून उद्याच्या रांगेत उभं करून ठेवलंय, आणि मग मुलं मुंबईला गेल्यावर चर्चला जात नाहीत म्हणून हळहळतो. कौन्सिलमध्ये तरुणांच्या दोन जागा ठेवा, त्यांचा विषय विषयपत्रिकेत पहिल्या तिनात घ्या, आणि एखादं काम पूर्ण त्यांच्यावर सोपवा. त्यात गडबड झाली तर मदतीला जा. पण काम काढून घेऊ नका.

ये आता, बाय. दोन गोष्टी राहिल्या.

लादीनीचा विषय वर निघाला. खुरसाकडे लादीन घ्यायला फादर लागत नाहीत, गावातलीच माणसं ती म्हणतात. पण तुमच्या वाड्यात ती पाठ असणारे किती उरले? बहुधा दोन-तीन म्हातारे. ज्या घरी भेटी द्याल तिथे विचारा, त्यांना कुठली जुनी कांतारं (गाणी) येतात, लादीनीची चाल कशी आहे. फोनवर रेकॉर्ड करा, त्यांच्या बाजूला बसून शिका. मे महिन्यात मुंबईचे, गोव्याचे सगळे गावात असतात. तेव्हा लादीन तुमच्या गटाने म्हणायची. मेणबत्त्या तुम्ही लावायच्या, उकडलेले चणे तुम्ही वाटायचे, आणि त्या दिवशी गटाच्या हातून दारूचा ग्लास फिरणार नाही, एवढं आधीच एकमुखाने ठरवायचं. दुसऱ्या कुणी काय प्यावं यावर भाषण नको. तुमच्यातल्याच एखाद्याला ते सुटत नसेल तर त्याला चारचौघांत लाजवू नकोस. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा गोव्यात आणि मुंबईत भरतात, त्याच्याबरोबर पहिल्या सभेच्या दारापर्यंत कुणीतरी जा.

दुसरी गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला ती दिसते. उद्या तुलाही पणजीला किंवा मुंबईला चांगली नोकरी मिळेल आणि तू जाशील. जा. त्यात गावाशी बेइमानी नाही. पण तोवर चर्चमधला दृढीकरणाचा संस्कार घेतलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांतली दोन बरोबर घे. भेटीला ने, हिशेब लिहायला लाव, प्रार्थना सुरू करायला सांग, चुकली तर मधे पडू नकोस. पत्रात तू सात-आठ म्हणून खंत केलीस. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोरीवर शंभर हात असतात असं दिसतं, पण पहिली होडी पाण्यात लोटायला चार-पाचच माणसं पुरतात. तुझ्याकडे सात-आठ आहेत. जे बाहेर आहेत त्यांचा एक ग्रुप कर, त्यात रोजचे सुविचार टाकू नकोस, आठवड्याला एकच निरोप टाक: या आठवड्यात कुणाच्या घरी गेलो, काय लागतंय. बोटीवरच्या मुलाला आपल्या आजीच्या शेजारणीसाठी वॉकर पाठवायचा असेल तर त्याला कळायला हवं.

आणि वाचन. मध्यरात्रीच्या मिस्सेचं पहिलं वाचन बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातलं असतं, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, तिथपासून. आजच शोधून काढ, डिसेंबरची वाट बघू नकोस. आधी मनात वाच आणि ते कोणासाठी लिहिलंय ते फादरना विचार: युद्धाने, परक्या राज्याच्या जुलमाने पिचलेल्या लोकांसाठी. मग मोठ्याने वाच, घरात, आईसमोर. त्यात मिद्यान हे नाव येतं, तिथे बहुतेकजण अडखळतात, म्हणून ते वेगळं दहा वेळा म्हणून ठेव. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ मार. नाताळाच्या दोन दिवस आधी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन माईकवर एकदा वाच आणि धाकट्या भावाला शेवटच्या बाकावर बसव. त्याला शब्द कळले तर सगळ्यांना कळतील. त्या रात्री घसा कोरडा पडेलच, म्हणून आधी कोमट पाणी पी. वाचनवेदीपाशी पोचलीस की लगेच सुरुवात करू नकोस. लोक खोकून, बाकं सरकवून शांत होईपर्यंत थांब, समोर बघ, मग पहिलं वाक्य तुला वाटतं त्याहून हळू वाच.

तुझी,
ताई